जिवंत आमिष: जाळं नको, बारका गळ बरा

कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, फेकजाळं टाकून आमिषाचे मासे धरता येतील का, असं एकानं विचारलंय. येतील, पण जाळ्याला हिसडा देताना तोल गेला की आपणच आमिष! धोम धरणावर मी एकदा होडीसकट आडवा झालोय, लाइफ जॅकेट होतं म्हणून बरं. त्यापेक्षा काठाला, गवताच्या कडेनं बारीक गळाला कणकेची वाटाण्याहून लहान गोळी लावा. चिलापीची (तिलापिया माशाची) पिल्लं पटापट लागतात. बादलीत मात्र चार-पाचच ठेवा आणि पाणी सारखं बदला. उन्हानं पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, पिल्लं उताणी पडतात. आणि मरळ या शिकारी माशाला आमिष वळवळणारंच हवं. उरलेली चिलापी दुसऱ्या तळ्यात सोडू नका, परका मासा आहे तो. आणि हो, धरणावर मासेमारीचा ठेका कुणाकडंय ते आधी विचारा.