दिलीप प्रभावळकर: टिपऱ्यांचे आबा मोठे, की सिनेमातली रूपं?

माजघर:
‘दशावतार’ सिनेमा आल्यापासून जो उठतो तो प्रभावळकरांच्या रूपांचं कौतुक करतोय. 81व्या वर्षी त्यातला बाबुली मेस्त्री उभा करणं खायचं काम नाही, कबूल. पण त्यांचं सर्वांत मोठं काम सिनेमात नाहीच, ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आहे. 2001 साली अल्फा मराठीवर सुरू झालेल्या त्या मालिकेत मुलगा-सून शेखर-श्यामलाचं वाजतं, नातू शिऱ्या काहीतरी उपद्व्याप करतो आणि आजोबा, म्हणजे प्रभावळकरांचे आबा, निम्मा वेळ नुसते ऐकतात. ते ऐकणं बघा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर ओठांवर आलेलं असतं आणि आबा ते गिळतात. सिनेमाने त्यांना सोंगं दिली, एवढी सवड दिली नाही.

खवट_पुणेकर:
म्हणजे आबा हे सोंग नव्हतं? तेव्हा प्रभावळकर 57 वर्षांचे होते हो! पांढरे केस, म्हातारी चाल, सगळं चढवलेलंच. तुम्हाला आवडलं की साधेपणा, नाहीतर सोंग?

माजघर:
केसांचं काय घेऊन बसलात! दोन-चार भागांनंतर ते दिसेनासे झाले. ‘चौकट राजा’ सिनेमातल्या नंदूत मात्र मला शेवटपर्यंत मेहनत घेणारा नट दिसत राहतो.

परळची_पोर:
नंदूबद्दल असं लिहिणाऱ्याला कोपरापासून दंडवत. लहानपणी डोक्याला मार बसून बुद्धीची वाढ खुंटलेला माणूस म्हटला की 1991च्या मराठी पडद्यावर हशा वसूल करणं किती सोपं होतं! त्यांनी तो मागितला नाही. आणि ‘झपाटलेला’चं काय? सुरुवातीचा भाग सोडला तर ते पडद्यावर नाहीतच. बाहुला रामदास पाध्यांचा, यांचा फक्त आवाज. तेवढ्यावर त्या बाहुल्याने, तात्या विंचूने, आमच्या अख्ख्या पिढीची झोप उडवली. यात सोंग कुठलं?

खवट_पुणेकर:
+१. ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधी घ्या. चेहरा देशाला तोंडपाठ. नुसती नक्कल केली असती तर शाळेतलं स्नेहसंमेलन झालं असतं. ते ग्रंथालयात बसून एका गुंडाशी घरातल्या आजोबांसारखं बोलतात, ऐकून घेतात. तुमचं ते ऐकणं इथंही आहे की! त्या वर्षीचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी मिळाला, दोन्ही सिनेमेच.

माजघर:
पुरस्कारावर काय ठरतं? मालिकेत माणूस दर आठवड्याला थोडा थोडा मुरत जातो. चिं. वि. जोशींचा चिमणराव त्यांनी दूरदर्शनवर केला, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या वेळचे प्रेक्षक अजून त्यांना चिमणरावच म्हणतात.

कृष्णधवल:
चिमणराव मी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीत बसून पाहिलाय, तेव्हा मध्ये बोलतो. टीव्ही की सिनेमा म्हणून भांडताय आणि रंगभूमी विसरलात. ‘हसवाफसवी’ त्यांनीच लिहिलं आणि एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. विंगेत गेलेला माणूस परत येईपर्यंत आवाजासकट बदललेला. ‘अनुदिनी’ हे सदरही त्यांचंच, त्यातूनच टिपरे कुटुंब आलं. हा माणूस लेखक आधी, नट नंतर.

परळची_पोर:
काका, हे काही पटलं नाही. नंदू कुठे त्यांनी लिहिला होता?