मदत हवी आहे: पिल्लू फक्त पायपुसण्यावरच शू करतंय

चौथा_मजला
घरी लॅबचं (लॅब्रॅडॉर कुत्र्याचं) पिल्लू आणलंय. गॅलरीत पेपर अंथरलाय, थोड्या थोड्या वेळाने तिथे नेऊन उभं करतो. दहा मिनिटं तिथे पेपर फाडतो, आत येतो आणि सरळ पायपुसण्यावर बसतो. पायपुसणं उचललं तर गादीवर. गादीवर नाही तर धुवायला काढलेल्या कपड्यांवर. 3 पायपुसणी बाद झाली. व्हिडिओ बघून झाले, रागवून झालं. कृपया 'धीर धरा' सोडून काहीतरी सांगा. चावतोही, पण ते नंतर बघू.

खारीक
धीर धरा म्हणत नाही, पण माहिती तर द्या! वय किती? आणून किती दिवस झाले? दिवसभर घरी कोण असतं? 'थोड्या थोड्या वेळाने' म्हणजे किती? फरशी कशाने पुसता?

निवांत_नाना
एवढं काय त्यात. शू केली की मानगूट धरायची, नाक तिथे टेकवायचं, दरडावायचं आणि गॅलरीत सोडायचं. चार दिवसांत कळतं. पूर्वी वाड्यात कुठे होते ट्रेनर नि व्हिडिओ?

खारीक
नाना, वाड्यात अंगण होतं. दार उघडं असायचं, पिल्लू आपलं आपण बाहेर जायचं. नाक घासून कुणी शिकलं नाही.
शू होऊन दोन-चार सेकंद गेली की शिक्षेचा त्या ओल्याशी संबंध लागत नाही. माणूस जवळ असताना शू केली की संकट येतं, एवढंच पिल्लाच्या डोक्यात बसतं. मग ते माणसासमोर करणंच टाळतं. तुम्ही गॅलरीत राखण करत उभे, ते दाबून धरणार. तुम्ही वळलात की सोफ्यामागे. धागाकर्ते, 'रागवून झालं' म्हणजे नेमकं काय केलंत?

चौथा_मजला
2 महिने. नर. नाव बंड्या. आणून 3 आठवडे झाले. मी आणि बायको 9 ते 6 ऑफिसला. आई घरी असते, पण तिचे गुडघे दुखतात, ती त्याला सारखं उचलू शकत नाही. गॅलरीत 2-3 तासांनी नेतो. फरशी फिनेलने. रागवलो म्हणजे ओरडलो, दोनदा नाक घासलं. आता ते सोडलंय. पुढे?

तळटीप
पिल्लू हे नपुंसकलिंगी आहे. एकाच वाक्यात 'पिल्लू आणलंय' आणि 'पेपर फाडतो' चालणार नाही.

चौथा_मजला
बंड्या फाडतो. झालं?

गोदाकाठ
2-3 तास फार झाले. वय महिन्यांत मोजून त्यात 1 मिळवायचा, जास्तीत जास्त तेवढे तास पिल्लू धरू शकतं, आणि तेही झोपेत. जागं असताना, खेळताना 30 ते 45 मिनिटं धरून चाला. न चुकता न्यायच्या वेळा: झोपेतून उठल्या उठल्या (आळस देऊन होईपर्यंतसुद्धा थांबायचं नाही, उचलायचं), खाणं झाल्यावर 5 ते 20 मिनिटांत, पाणी प्यायल्यावर, आणि खेळता खेळता अचानक थांबून गोल गोल हुंगायला लागलं की लगेच.
मधल्या वेळेसाठी क्रेट, म्हणजे कुत्र्याचा दाराचा पिंजरा, घ्या. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, एवढाच मोठा. लॅबसाठी मोठा घेऊन मध्ये फळी टाका, वाढेल तशी सरकवा. फार ऐसपैस झाला की एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप. तुमचे सगळे प्रश्न क्रेटने सुटतील.

एकटा_जीव
पिंजऱ्यात कोंडायचं होतं तर पोपट आणायचा.

गोदाकाठ
दार उघडं ठेवून आत खाणं देत देत सवय लावली की ती त्याची बिळासारखी जागा होते. कोंडणं वेगळं.

एकटा_जीव
9 ते 6 घरात फक्त गुडघेदुखीच्या आई. दार उघडं राहणार आहे का? सलग दोन तासांच्या वर या वयाला क्रेट म्हणजे कोंडणंच. आत शू झाली की स्वतःच्या शूवर झोपायची सवय लागते, आणि ती मोडणं पायपुसण्यापेक्षा अवघड. त्यापेक्षा गॅलरीच्या दाराशी लहान मुलांचं कुंपण लावा. आत अंथरूण, दाराबाहेर शूची जागा. आईंना उचलावं लागणार नाही, दार सरकवलं की झालं.

भाकरदूध
खायला काय देता? दूध-भाकरी द्या, बाजारचे दाणे बंद करा. आपोआप सगळं ठीक होतं.

सुई_दोरा
(पशुवैद्यक)
दूध नको. आईपासून सुटलेल्या पिल्लाला दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि मग शूऐवजी शीचा धागा काढावा लागेल. नुसत्या भाकरीवर लॅबचं पिल्लू वाढतही नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं दिवसातून 4 वेळा, तिसरा महिना पुरा झाला की 3 वेळा. वरून कॅल्शियमची बाटली सुरू केली असेल तर थांबवा. तयार खाण्यात ते मोजून घातलेलं असतं, जादा झालं तर लॅबच्या हाडांची वाढ बिघडते.
आता विचारायला हवं ते: धार लागते की थेंब थेंब? बसून जोर करतो का? शूची जागा सारखी चाटतो का? रंग लालसर? यातलं काही असेल तर आधी लघवी तपासा. सकाळची पहिली, बसला की खाली स्वच्छ पसरट डबी सरकवायची, दोन तासांत तपासणीच्या प्रयोगशाळेत, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. मूत्रमार्गाला संसर्ग असेल तर कितीही शिकवा, उपयोग नाही.
लसी कुठवर?

चौथा_मजला
धार व्यवस्थित लागते, बाकी काही नाही. लस एक झालीय. लसीचा आणि पायपुसण्याचा काय संबंध?

सुई_दोरा
संबंध असा, की आता कुणीतरी येऊन 'खाली मातीवर न्या' सांगेल.

सह्यकडा
खाली मातीवर न्या. गॅलरी-बिलरी सोडा. कुत्र्याला माती लागते.

सुई_दोरा
आले! पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. सोसायटीच्या कोपऱ्यात भटकी कुत्री शी करतात तिथे एका डोसचं पिल्लू टेकवायचं नाही. पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांना, पुढे दर 3-4 आठवड्यांनी, शेवटचा 16 आठवडे पुरे झाल्यावर. रेबीज तीन महिने पुरे झाल्यावर. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून परत परत टोचायचं. उलट्या, रक्ताचे जुलाब, मान टाकणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.
कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर न्या. रिक्षा, छत्री, शाळेची मुलं, भाजीची गाडी सगळं दाखवा. साधारण 14 आठवड्यांपर्यंत जे बघितलं ते पुढे ओळखीचं वाटतं. फक्त खाली सोडू नका. चपला दाराबाहेर.

लिफ्टबंद
आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुत्रं न्यायला बंदीची पाटी लागलीय. कायदा काय म्हणतो?

गोदाकाठ
2015 च्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण महापालिकेचा परवाना आणि रेबीजचा दाखला आपल्याकडे हवा. वेगळा धागा काढा.

खारीक
मूळ मुद्द्यावर या. पायपुसणं, गादी, कपडे. तिन्ही मऊ, शोषणारी. फरशीवर एकदाही नाही, पेपरवरही नाही. धागाकर्ते, हे पिल्लू जिथून आणलं तिथे कशावर ठेवलं होतं?

चौथा_मजला
मुळशीकडे ओळखीच्यांच्या शेतावरून. गोदामात. भाताच्या रिकाम्या पोत्यांवर सगळी पिल्लं असायची. आणलं तेव्हा 41 दिवसांचं होतं. ह्याने काय होणार?

खारीक
ह्यानेच झालंय! तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू आपलं आपण शू-शी करायला लागतं, आणि त्या दिवसांत पायाखाली जे असेल तेच 'शूची जागा' म्हणून पंजाला ओळखीचं होतं. बंड्याच्या पंजाला गोणपाट माहीत आहे. तुमच्या घरात गोणपाटाच्या सगळ्यात जवळचं काय? पायपुसणं. तो बिचारा शिस्तीतच वागतोय. गुळगुळीत पेपर त्याच्यासाठी खेळणं आहे, म्हणून फाडतो.
असं करा. तागाचं पोतं आणा, प्लास्टिकचं नको. कीटकनाशकाचं किंवा खताचं नको, धान्याचंच. साध्या पाण्यात धुवून वाळवा. दोन बाय तीन फुटांचे दोन तुकडे. गॅलरीत पसरट ट्रेमध्ये एक तुकडा. शू झालेलं पायपुसणं अजून धुतलं नसेल तर त्याचा हातभर तुकडा कापून पोत्यावर मधोमध ठेवा, वास त्याला जागा दाखवेल. वापरलेलं पोतं धुताना दुसरं लावायचं, पण पहिल्या आठवड्यात जुन्याची चिंधी नव्यावर राहू द्या.
त्याच वेळी घरातली सगळी पायपुसणी, गालिचे, लोंबणाऱ्या चादरी 3-4 आठवडे उचला. सगळी. बाथरूमसमोरचं राहतं नेहमी.

चौथा_मजला
बाथरूमसमोरचं आहे. आई घसरेल म्हणून.

एकटा_जीव
तिथे रबरी जाळीची चटई टाका. पाय घसरत नाही, शोषत नाही, त्याला आवडणार नाही.

गोदाकाठ
पोत्यावर शिकवून पुढे मातीवर शिकवायचं म्हणजे दुप्पट काम. एकदाच थेट बाहेरचं शिकवावं.

खारीक
16 आठवडे होईपर्यंत बाहेर टेकवायचं नाही, मग तोवर काय बादली धरायची? लसी संपल्या की तेच पोतं खाली गवतावर न्या. दर दोन-तीन दिवसांनी कापून निम्मं करा. रुमालाएवढं उरलं की उचला.

सुई_दोरा
पोत्याची कल्पना पटली. दोन भर.
फिनेल बंद. ते वास झाकतं, काढत नाही. शूमधल्या युरिक आम्लाचे खडे पाण्यात सहज विरघळत नाहीत, हवा दमट झाली की परत वास मारतात. पावसाळ्यात महिन्यापूर्वीच्या जागेवर पिल्लू पुन्हा बसतं ते म्हणून. एन्झाइमवालं क्लीनर आणा, आधी कापडाने टिपून घ्या, मग जागा भिजेल इतकं ओतून 10-15 मिनिटं ओलं राहू द्या. फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया. फरश्यांच्या सांध्यांत विशेष ओता. शूवर थेट ब्लीच कधीच नाही, झोंबरा वायू निघतो.
दुसरं, बक्षीस. शू संपली की एक-दोन सेकंदांत, तिथेच, पोत्यावर उभा असतानाच. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा. आत येऊन डबा उघडून दिलात तर बक्षीस आत येण्याचं झालं. धार चालू असताना मात्र गप्प. तेव्हा 'शाब्बास' ओरडलात तर मध्येच थांबून तुमच्याकडे येतो आणि उरलेली आत होते.
पाच मिनिटांत केली नाही तर मोकळा सोडू नका. मांडीवर घ्या किंवा पट्टा कमरेला बांधा, दहा मिनिटांनी परत गॅलरी. तुमचा बंड्या आत येऊन करतो त्याचं निम्मं कारण ही मधली दहा मिनिटं आहेत.

निवांत_नाना
पनीर! आम्हाला कुणी दिलं नाही.

चौथा_मजला
5 दिवस झाले. सोमवारी पोतं टाकलं. पहिल्याच सकाळी हुंगलं, दोन फेऱ्या मारल्या आणि बसला. कालचा हिशेब: 11 वेळा शू, 8 पोत्यावर, 2 फरशीवर, 1 बायकोच्या ओढणीवर. फरशीवरच्या दोन्ही दुपारी 3 ते 4 मध्ये. आई झोपते तेव्हा. आता दोन प्रश्न. पोतं चावून सुतळ्या काढतोय. आणि संध्याकाळी 7 नंतर वेड्यासारखा चावतो, बायकोच्या पोटऱ्या फोडल्यात.

सुई_दोरा
सुतळी पोटात जाऊ देऊ नका. लांब धागा आतड्यात अडकला की आतडं त्यावर चुरगळतं, मग ऑपरेशन. पोत्याच्या कडा दोन बोटं आत दुमडून मशीनने शिवा आणि वर बाथरूमची प्लास्टिकची जाळी ठेवा, मोठ्या भोकांची. ताग पंजाला लागला पाहिजे, दातात येता कामा नये. गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही.

खारीक
चावण्याचं: 41 दिवसांत भावंडांतून काढलंत. किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून निघून जातो, हे भावंडांकडून शिकायचं राहिलं, ते आता तुम्ही शिकवायचं. दात लागला की आवाज न करता उठा, कुंपणापलीकडे जा, 20-30 सेकंद, परत या. घरातल्या प्रत्येकाने, दर वेळी. हात झटकलात की त्याला शिकार वाटते.
पण सातनंतरचं वेगळं. या वयाला 18 ते 20 तास झोप लागते. दुपारी किती झोपतो?

चौथा_मजला
दुपारी 4 ला शेजारची मुलं खेळायला येतात, 7 पर्यंत.

खारीक
म्हणजे तीन तास सलग जागा. सांगायचं नाही का आधी! मुलं 20 मिनिटांत घरी. मग कुंपणात, पंखा, पडदा ओढून झोप. मुलांना यायचंच असेल तर साडेतीनला येऊ द्या. आल्या आल्या त्यांनीच त्याला गॅलरीत न्यायचं, म्हणजे ती 3 ते 4 मधली दुसरी फरशीही वाचेल.

लिफ्टबंद
परवान्याचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो का?