आईची बाजू इथली, बापाची पूर्वेची

‘मायटोकाँड्रियल डीएनए पाहिला की मुंडा भाषिक आदिवासी इथलेच मूळचे हे सिद्ध होतं’ असं म्हटलं जातं, पण हे विधान अर्धंच खरं आहे. हा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि संथाळ, मुंडा, हो या मुंडा भाषिक जमातींत तो जवळजवळ सगळा भारतीयच सापडतो. पण बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र बघा. तिथे आग्नेय आशियात भरपूर आढळणारा ओ-एम९५ हा गट मोठ्या प्रमाणात दिसतो. म्हणजे पूर्वेकडून आले ते बहुतेक पुरुष, आणि संसार थाटले इथल्या बायकांशी. भाषा मात्र बापाची टिकली (आता मातृभाषा म्हणायची पंचाईतच!). आपल्या मेळघाटातले कोरकू याच मुंडा भाषाकुळाच्या पार पश्चिम टोकाला. शेजारी मराठी नि गोंडी, पण बोलीचं दूरचं नातं थेट कंबोडियातल्या ख्मेरशी.