चर्चा धागा: सायंकाळची जपमाळ मुलांवर सक्तीची असावी का?

धागाकर्ता (निर्मळ, वसई):
आमच्या घरी रोज रात्री साडेआठला वेदीसमोर दिवा लागतो आणि सर्वांनी जपमाळेला, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या रोझरीच्या प्रार्थनेला, बसावे, असा दंडक आहे. दहावीतला थोरला महिनाभर ओठ मिटूनच बसतो. परवा पाचवे, म्हणजे शेवटचे रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातला मननाचा प्रसंग) संपल्यावर मी नेहमीप्रमाणे मोठ्याने हेतू मांडला, ‘प्रभो, याला सुबुद्धी दे, याचे मोबाइलचे वेड सुटू दे’. तर तो उठून पडवीत गेला आणि नंतर आईला म्हणाला, ‘बाबांना मला बोलायचे असेल तर देवाला मध्ये का घालतात?’ माझ्या मते शिस्त हवीच. चर्चमध्ये दृढीकरणाचा (श्रद्धा पक्की करण्याचा) संस्कार झाला म्हणून मूल मोठे होत नाही.

प्रतिसाद १ (माजी धर्मशिक्षिका):
मुलाचे बरोबर आहे. तुम्ही प्रार्थना केली नाहीत, देवाच्या आडून कानउघाडणी केलीत. आणि देवालाच बापाच्या बाजूचा साक्षीदार केल्यावर मुलाने उत्तर तरी कोणाला द्यायचे? समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंग्टसन यांनी १९७० पासून सुमारे पस्तीस वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियातील साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. आईवडिलांशी, विशेषतः वडिलांशी, जिव्हाळ्याचे नाते असलेल्या मुलांमध्ये घरची श्रद्धा टिकण्याचे प्रमाण त्यांना अधिक आढळले. बायबलमध्ये संत पौलानेही इफिसकरांस (इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) लिहिताना बापांनाच बजावले आहे की, मुलांना चिरडीस आणू नका.

प्रतिसाद २ (विरार लोकलचा प्रवासी):
बाईंशी मी सहमत नाही. पौलाचे ते वाक्य तिथे संपत नाही. प्रभूच्या शिस्तीत वाढवा, असेही तो लगेच सांगतो. जिव्हाळा हवा हे खरे, पण तो उगवायला एकत्र बसण्याची जागा तर हवी! चर्चगेटहून लोंबकळत घरी पोहोचणाऱ्या माझ्यासारख्या बापाला मुलांच्या शेजारी बसायला मिळतात ती हीच वीस मिनिटे. माझे वडील दुःखाची रहस्ये म्हणता म्हणता डुलक्या घेत, आम्ही भावंडे चटईवर हसू दाबत असू. ते सक्तीचेच बसणे होते, आणि वडिलांची आज सर्वांत जवळची आठवण तीच आहे.

प्रतिसाद ३ (माजी धर्मशिक्षिका):
तुमचे वडील डुलक्या घेत होते, टोमणे मारत नव्हते. फरक तेवढाच आहे.

धागाकर्ता:
मुलाबद्दलचा हेतू यापुढे मी मनातच मांडीन, हे मान्य. बसायचे मात्र सर्वांनी; तेवढे मी सोडणार नाही.