डीबीएसनंतर हाताला सतत मुंग्या, स्पर्श नीट कळत नाही : कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, वय ७१. गेल्या वर्षी त्यांचं डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून सतत सौम्य करंट देणं) झालं, दोन्ही बाजूंना, सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या खोलवरच्या छोट्या भागात. कंप जवळजवळ थांबला, पार्किन्सन्सच्या सिंडोपा गोळ्या कमी झाल्या. त्याबद्दल काहीच तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे.

मागच्या प्रोग्रामिंगला (डॉक्टर मशीनचं सेटिंग बदलतात तेव्हा) मेंदूच्या उजव्या बाजूचा करंट थोडा वाढवला. तेव्हापासून बाबांच्या डाव्या हाताच्या बोटांत आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात मुंग्या आहेत. करंट वाढवला की थोडा वेळ मुंग्या येऊन जातात, हे आधीही व्हायचं. या वेळी त्या गेल्याच नाहीत. शर्टाची बटणं लावताना म्हणतात, "बटण हाताला लागतंय गं, पण हातमोजा घातल्यासारखं." बटण काजात गेलं की नाही, ते मान खाली घालून बघावं लागतं. बोटं थरथरत नाहीत, ताठही नाहीत, तरी काम अडतं.

वाचून मला समजलं ते असं. सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या मागून, आतल्या अंगाने मीडियल लेम्निस्कस जातो. स्पर्शाची जाणीव थॅलॅमसकडे (मेंदूतलं संवेदनांचं मधलं ठाणं) नेणारे तंतू ते हेच. करंट तिथवर पसरला की शरीराच्या विरुद्ध बाजूला मुंग्या येतात. (बाहेरच्या बाजूला पसरला तर स्नायू ओढले जातात, बोलणं जड होतं. बाबांना तसं काही नाही.) हेच कारण असेल तर कॉन्टॅक्ट (तारेवरचा करंट सोडणारा बिंदू) बदलून, करंट किंवा पल्स विड्थ (करंटचा प्रत्येक ठोका किती वेळ टिकतो ते) कमी करून फरक पडायला हवा.

पण सगळा दोष सेटिंगचा असेल असंही वाटत नाही. पार्किन्सन्समध्ये संवेदनाही बिघडतात. बाबांना फोडणी करपल्याचा वास येईनासा झाला तो कंप सुरू व्हायच्या कितीतरी आधी. हातपाय नेमके कुठे आहेत ही जाणीवही या आजारात मंदावते, आणि अंधारात पायरी उतरताना त्यांना ते जाणवतं. उलट डीबीएसने वेदना बऱ्याच जणांच्या कमी होतात. बाबांचा वर्षानुवर्षं दुखणारा खांदा ऑपरेशननंतर दुखायचा थांबला. म्हणजे एकाच उपचाराने एक संवेदना सुधारली आणि दुसरी बिघडली, असं होतं का? (खांद्यावरून आठवलं, फिजिओथेरपीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: डीबीएस असलेल्या माणसाला डायथर्मीचा (मशीनच्या लहरींनी आतून ऊब देणारा) शेक अजिबात द्यायचा नाही. फिजिओला आधीच सांगा.)

डॉक्टरांकडे फोन केला तर "थोडे दिवस बघू" म्हणाले. पुढची तारीख लांब आहे.

ज्यांच्या घरी डीबीएस झालंय त्यांनी कृपया सांगा. मुंग्या अशा टिकून राहिल्या होत्या का, आणि सेटिंग बदलल्यावर गेल्या का? त्यापायी कंप परत आला का? मला खरी भीती याचीच आहे. पेशंटच्या रिमोटवर ठरावीक मर्यादेत करंट कमी करायची सोय तुमच्या डॉक्टरांनी दिली आहे का? आम्हाला फक्त चालू-बंद दिलंय.

सध्या मी गोळीच्या वेळा आणि मुंग्या कधी वाढतात ते वहीत लिहून ठेवते आहे. प्रोग्रामिंग करणारं कोणी इथे असेल तर या वहीत आणखी काय टिपू, तेवढं जरूर सांगा. तारीख अलीकडे मागून घ्यावी का, हेही त्यावरून ठरवता येईल.