मदत हवी आहे: तांब्याची धूळ बारीक केली की पेशी जास्त मरायल्यात, डोस वजनावर धरू का पृष्ठभागावर?

नमस्कार मंडळी, मी छत्रपती संभाजीनगरला एमएस्सी करायलोय. मोठा भाऊ वाळूजला ग्राइंडिंगवर कामाला हाय, संध्याकाळी घरी आला की त्याचा रुमाल काळा निघतो, म्हणूनच मी हा विषय धरला.

तांब्याची पावडर दोन साइजची घेतली, एक मायक्रॉनमधली आणि एक नॅनो, दोन्ही प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर टाकल्या, डोस सारखाच, 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली. 24 तासांनी बघितलं तर जाड पावडरीत पेशी बऱ्यापैकी चिकटून होत्या, पण नॅनोत सगळ्या गोल होऊन सुटून तरंगायल्या होत्या. आता कण 10 पट बारीक झाला की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग 10 पट आणि कणांची संख्या 1000 पट होते, शिवाय पेशीनं कण गिळला की आतल्या आम्लात तांबं विरघळून आयन सुटतात, मग नेमकं मारतंय कोण, कण का आयन, हेच मला वेगळं करता येईना.

सेंट्रिफ्यूज करून (जोरात फिरवून कण तळाला बसवून) नुसतं वरचं, आयनवालं पाणी पेशींवर टाकून बघू का? पण त्यात पेशीच्या आत विरघळणारं तांबं कसं धरायचं? आणि जाड कण पटकन तळाला बसतात, नॅनोचे सिरममध्ये (पेशींच्या खाद्यात घालतात ते) गोळे होतात, म्हणजे पेशीपर्यंत खरा डोस किती पोचला तेही बघावं लागंल ना? एमटीटीत (किती पेशी जिवंत ते रंगावरून मोजायची टेस्ट) कणांमुळं रीडिंग चुकतं म्हणतात, त्यासाठी पेशी न घालता कंट्रोल कुणी लावलाय का? ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, सोमवारी परत प्लेट लावायचीय.