‘ऑर्डेन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : चर्चच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘ऑर्डेन’ हे क्रियापद पानोपानी येतं. बिशप डोक्यावर हात ठेवून एखाद्याला फादर करतात, तो विधी. ‘दीक्षा देणे’ चालेल?

– नुसतं ‘दीक्षा’ नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. म्हणून ते सगळे भिक्खू झाले नाहीत. दीक्षेनं माणूस पंथात येतो, अधिकार वेगळा. वसईच्या कॅथलिकांत ‘गुरुदीक्षा’ रूढ आहे, पण इतरांना तो कानात मंत्र घेणं वाटेल. ‘धर्मगुरुपदाची दीक्षा’ लिहा, लांब झालं तरी.

– बौद्ध संदर्भ आला तर ‘उपसंपदा’, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याचा विधी. आधी प्रव्रज्या घेऊन, म्हणजे घर सोडून, श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) व्हायचं, वयाची २० वर्षं भरल्यावर उपसंपदा. ती देतो संघ. जमलेल्या भिक्खूंपुढे ठराव मांडून तीनदा विचारतात, सगळे गप्प राहिले की संमती. तेव्हा ‘अमुक भन्तेंनी उपसंपदा दिली’पेक्षा ‘संघाने दिली’ बरोबर.

– मठांत गादीवर बसवतात. लिंगायत मठात पट्टाभिषेक होतो, शंकराचार्यांचं पीठारोहण. हे शब्द पाद्र्याला लावू नका, हसतील.

– एक अस्सल शब्द राहिला : वर्णी. अनुष्ठानाला ब्राह्मण नेमणं म्हणजे वर्णी देणं, मूळ ‘वरण’. यज्ञात यजमानच ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांना, वरतो (निवडतो), म्हणजे इथे अधिकार वरून उतरत नाही, दक्षिणा देणाऱ्याकडून येतो! आता हा शब्द महामंडळाच्या अध्यक्षपदापुरता उरलाय. ‘फादरची वर्णी लागली’ लिहिलंत तर वशिला लावला असंच वाचलं जाईल.

प्रश्नकर्ता : आभार. पण जुन्या इंग्रजी बायबलात येशूने बारा जणांना ‘ऑर्डेन’ केलं असं आहे. तिथेही दीक्षा?

– तिथे ‘नेमले’. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात विधी नाहीच. डोंगरावर बोलावलं आणि नेमलं. प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात, सात जणांवर प्रार्थना करून हात ठेवतात. तिथे ‘हात ठेवले’ असंच सरळ लिहा. आणि ‘देवाने ऑर्डेन केलं’ असं आलं, तर तिथेही ‘नेमलं’ किंवा ‘ठरवलं’. त्या वाक्यात कोणी पाद्री होत नाही.